लिहा म्हणता, वाचतं कोण?

दहावीच्या मराठी कुमारभारतीच्या पेपरात 80 पैकी 24 गुण उपयोजित लेखनाचे. पत्र किंवा सारांश, मग जाहिरात, बातमी, कथा आणि शेवटी निबंध. पेपरचा जवळजवळ तिसरा हिस्सा. आता तुमच्या मुलाच्या शाळेचं वेळापत्रक काढा आणि त्यात लेखनाचा तास शोधा.

सापडला?

धडा शिकवतात. कविता चालीवर म्हणून घेतात. समास, अलंकार, वृत्त फळ्यावर येतात. लेखनाची वेळ येते तेव्हा तास संपत आलेला असतो. बाई सांगतात, "निबंध घरून लिहून आणा." घरी गाइड असतं. नाहीतर आई असते. नाहीतर मोबाइल असतो.

आपल्या शाळांत लेखन शिकवलं जात नाही. थेट तपासलं जातं.

क्लच-गिअर काही न सांगता पोराला अंधेरीच्या आरटीओत परीक्षेला उभं करायचं आणि नापास झाला की म्हणायचं, याला गाडीची आवडच नाही. निबंधाच्या बाबतीत आपण वर्षानुवर्षं हेच करत आलो आहोत. "हल्लीच्या मुलांना लिहायलाच नको" हे पालकसभेतलं सगळ्यात आवडतं वाक्य. मुलांना लिहायला नको असं मुळीच नाही. कसं लिहायचं हे त्यांना कुणी दाखवलेलं नाही.

आधी विषय बघा. फाटक्या पुस्तकाचं मनोगत. पुतळ्याचं मनोगत. वडाच्या झाडाचं मनोगत. मी मुख्यमंत्री झालो तर. सूर्य उगवला नाही तर. आजोबांनी लिहिलं, बाबांनी लिहिलं, आता नातू लिहितोय. पुस्तक बोलतं, पुतळा बोलतो, झाड बोलतं.

वर्गातलं मूल तेवढं बोलत नाही.

बोरिवलीत राष्ट्रीय उद्यानाला लागून इमारती आहेत. तिथल्या मुलांनी सोसायटीच्या सीसीटीव्हीत बिबट्या पाहिलेला असतो. संध्याकाळी खाली खेळायला सोडत नाहीत, का सोडत नाहीत, वॉचमन रात्री काठी आपटत का फिरतो, हे सगळं त्यांना ठाऊक असतं. त्यांना आपण 'माझा आवडता प्राणी' लिहायला सांगतो. ती लिहितात, गाय. गाईला चार पाय असतात.

अंधेरीचा गोखले पूल घ्या. नोव्हेंबर 2022 मध्ये बंद झाला. फेब्रुवारी 2024 मध्ये एक बाजू उघडली, तर शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाशी पातळीच जुळेना. जोडणी जुलै 2024 मध्ये झाली. पूर्ण पूल वाहतुकीला मिळायला मे 2025 उजाडला. पूर्वेचं मूल पश्चिमेच्या शाळेत सव्वा वर्ष वळसा घालून गेलं. किती वाजता निघायचं, रिक्षा कुठे अडकायची, बाबा काय पुटपुटायचे, हे त्याला पाठ आहे. या पुलावर किती शाळांनी निबंध लिहून घेतला?

त्या काळात विषय होता, 'पावसाळ्यातील एक दिवस'.

घाटकोपरला छेडानगरजवळ 13 मे 2024 रोजी वादळी वाऱ्यात पेट्रोल पंपावर 120 फूट बाय 120 फुटांचं होर्डिंग कोसळलं. 17 माणसं गेली. पंतनगरच्या मुलांनी त्या रात्री रुग्णवाहिकांचे आवाज ऐकले. जूनमध्ये शाळा उघडली. बातमीलेखनाचा सराव सुरू झाला. बातमी कोणती? 'शाळेत वृक्षारोपण उत्साहात साजरं'. खरी बातमी दाराशी घडली होती आणि आपण मुलांना बनावट बातमीचा साचा पाठ करून घेत होतो.

मुलाला सांगण्यासारखं काही नाही असं समजणं हा या शिक्षणातला पहिला अपराध. त्याच्याकडे सांगायला भरपूर आहे. आपण ते विचारत नाही.

आता पत्र. 'तुमच्या परिसरातील कचऱ्याच्या समस्येबाबत आरोग्य अधिकाऱ्यांना पत्र लिहा.' मूल लिहितं. माननीय लिहितं, विषय लिहितं, आपला विश्वासू लिहितं, ईमेलचा नमुना जसाच्या तसा उतरवतं. खाली पत्ता? अ. ब. क. गाव? कखग नगर. कचरा? कुठला तरी. अधिकारी? कुणीतरी.

हे पत्र कुणालाही जात नाही. कचरा आहे तिथेच राहतो.

मुलुंडला महापालिकेचा टी विभाग आहे. घाटकोपरला एन, बोरिवलीला आर मध्य, अंधेरीला के पूर्व आणि के पश्चिम. प्रत्येक विभागात सहायक आयुक्त बसतात. पोस्टकार्ड 50 पैशांना मिळतं. तीस मुलांच्या वर्गाला 15 रुपये खर्च. शाळेच्या फाटकासमोरचं उघडं गटार कुठे आहे, किती दिवस उघडं आहे, कोण पडता पडता वाचलं, हे मुलांना लिहू द्या. पत्रं पेटीत टाका. उत्तर आलं तर ते वर्गात वाचा. नाही आलं तर स्मरणपत्र लिहायला शिकवा.

एका स्मरणपत्रात मूल जेवढं लेखन शिकेल तेवढं दहा कल्पित पत्रांत शिकणार नाही. कारण पलीकडे माणूस असतो.

लेखनाला वाचक लागतो. एवढी साधी गोष्ट. आपल्या शाळांत मुलाचा वाचक एकच, परीक्षक. आणि परीक्षक वाचत नाही, मुद्दे मोजतो. दिलेले तीन मुद्दे आले का? आले. सुरुवातीला सुविचार आहे का? आहे. शेवटी 'म्हणूनच म्हणतात' आहे का? आहे. मुलांनाही हे पक्कं माहीत असतं. म्हणून ती मुद्दे पुरवतात आणि स्वतः बाजूला होतात.

मागे शेजारच्या सातवीतल्या मुलीची वही हातात आली. निबंध, 'माझी आई'. 'माझी आई पहाटे पाच वाजता उठते. देवपूजा करते. सर्वांसाठी गरम नाश्ता बनवते. तिचा चेहरा सदैव हसतमुख असतो.' त्या मुलीची आई पालिकेच्या रुग्णालयात परिचारिका आहे. रात्रपाळी असली की सकाळी नऊला घरी येते, डोळ्यांवर ओढणी टाकून झोपते. तोवर ही मुलगी स्वतः चहा करून, धाकट्या भावाची बटणं-बूट सगळं बघून, शाळेला निघालेली असते.

त्यातलं एक अक्षर वहीत नव्हतं.

मी विचारलं, हे का नाही लिहिलंस? ती म्हणाली, "असं लिहायचं नसतं ना काका. निबंध आहे तो." बाईंनी दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घाला लाल गोल केला होता. खाली 'छान' लिहिलं होतं. आठपैकी सहा.

बारा वर्षांच्या मुलीला शाळेने एवढं पक्कं शिकवलं, की खरं असेल ते निबंधात चालत नाही. याहून मोठं नुकसान कोणतं?

लाल गोलाबद्दलही बोलू. प्रमाणलेखनाचे नियम हवेतच. साहित्य महामंडळाचे 14 नियम 1962 मध्ये आले, 1972 मध्ये आणखी 4 आले. एकूण 18. ते जरूर शिकवा. पण मुलाने लिहिलेला पहिला मजकूर हाती आल्याबरोबर त्यावर 18 नियमांची फौज सोडू नका. आधी तो काय सांगतोय ते ऐका. वेलांटी दुरुस्त करायला शेवटचा खर्डा असतो. पहिल्याच खर्ड्यावर 22 लाल गोल पाहिलेलं मूल पुढच्या वेळी काय करतं? ज्या शब्दांची वेलांटी नक्की ठाऊक आहे तेवढेच शब्द वापरतं. वही शुद्ध होते. भाषा आखडते.

तीच गत हस्ताक्षराची. वळणदार अक्षराला बक्षीस, टपोऱ्या अक्षराला भिंतीवर जागा. अक्षर चांगलं असावं, वाद नाही. पण ज्याचं अक्षर गिचमिड आणि म्हणणं लखलखीत आहे, त्या मुलाला वर्षभरात एकदा तरी कौतुकाचा शब्द मिळतो का?

मिळत नाही. तो मुलगा पुढे लिहिणं सोडतो.

आता दहावीच्या परीक्षा मंडळाकडे वळू. 2018-19 मध्ये दहावीचा अभ्यासक्रम बदलला, प्रश्नपत्रिकेची कृतिपत्रिका झाली. हेतू चांगला होता. पाठांतर थांबावं, मुलांनी स्वतःच्या शब्दांत लिहावं. त्याच वर्षी भाषेचे 20 अंतर्गत गुणही गेले. 2018 मध्ये 89.41 टक्के असलेला निकाल 2019 मध्ये 77.10 टक्क्यांवर आला. बारा टक्क्यांहून जास्त घसरण.

या आकड्याने राज्याला एक गोष्ट ओरडून सांगितली होती. अंतर्गत गुणांचा टेकू काढला की आपली मुलं कागदावर उभी राहू शकत नाहीत. त्यावर उपाय काय झाला? 20 गुण परत आणले. 2020 मध्ये निकाल 95.30 टक्के.

निकाल वर आला. लेखन जागच्या जागी.

कृतिपत्रिकेचं काय झालं? गाइडवाल्यांनी कृतिपत्रिकांचे संच काढले. 'स्वमत' लिहा म्हटलं की स्वमताची तयार उत्तरं छापली. स्वतःचं मत दुकानातून विकत आणून पाठ करायची सोय झाली. दोष गाइडचा कमी, आपला जास्त. वर्गात मत मांडायला कुणी शिकवलं असतं तर ते पुस्तक खपलं असतं का?

त्यानंतर कोरी पानं आली. 2023-24 पासून पाठ्यपुस्तकांतच वहीची पानं घातली गेली. दप्तराचं ओझं कमी होईल, मुलं जागच्या जागी नोंदी करतील असं सांगितलं गेलं. पुस्तकांचे चार भाग झाले. मुलं वह्याही आणत राहिली आणि पुस्तकंही. जानेवारी 2025 मध्ये शासनाने तो निर्णय मागे घेतला.

पानं दिली, त्यावर लिहायचं काय हे कुणी शिकवलं नाही. कागद वाढवून लेखन येत नसतं. हे कळायला राज्याला दोन शैक्षणिक वर्षं लागली.

शिक्षकांना दोष देऊन मोकळं व्हायचं असेल तर ते सोपं आहे. मी तसं करणार नाही. हिशोब करू. वर्गात 50 मुलं. एक निबंध नीट वाचून दोन ओळी लिहायला 5 मिनिटं. झाली 250 मिनिटं, म्हणजे चार तासांहून जास्त. एका तुकडीचे. मराठीच्या बाईंकडे तुकड्या चार. वर यू-डायस आणि सरल या सरकारी पोर्टलांवर भरायची माहिती, मतदार याद्या, निवडणुकीची ड्यूटी, कुठल्याशा दिनाचे फोटो अपलोड करायचे. शिक्षण हक्क कायद्याने जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढीच बिगरशैक्षणिक कामं शिक्षकांना द्यायला परवानगी ठेवली. प्रत्यक्षात शिक्षकाच्या हातून दिवसभर लिहिलं जातं ते फक्त रकान्यांत.

रकाने भरणाऱ्या हातांकडून मुलांना परिच्छेद शिकवण्याची अपेक्षा करताय?

शिक्षक-प्रशिक्षणातही हेच. पाठ टाचण लिहायचं, तेही ठरलेल्या चौकटीत, मागच्या बॅचच्या वहीवरून. भावी शिक्षकाने स्वतःच्या मनाने एक पानभर मजकूर लिहिला, तो सहकाऱ्यांनी वाचला, त्याने तो सुधारून पुन्हा लिहिला, असं कुठल्या प्रशिक्षणात होतं? अमेरिकेत बर्कलीला 1974 मध्ये शिक्षकांसाठी लेखनाचा एक उपक्रम सुरू झाला. त्याचं तत्त्व एकच, लेखन शिकवणाऱ्याने आधी स्वतः लिहावं. तो उपक्रम त्या देशभर पसरला. आपल्याकडे मराठीच्या शिक्षकांना प्रशिक्षणाला बोलावतात आणि पीपीटी दाखवतात.

मग करायचं काय? तीन गोष्टी. एकीलाही शासन निर्णय लागत नाही.

पहिली, कमी लिहून घ्या. वर्षाला वीस निबंध नकोत. सहा पुरेत. पण प्रत्येक निबंध तीनदा लिहून घ्या. लेखन म्हणजे पुनर्लेखन, हे लिहिणाऱ्या प्रत्येक माणसाला ठाऊक असतं. शाळेत मात्र मुलाला एकच संधी मिळते. लिहिलं, तपासलं, गुण पडले, वही बंद. चूक सुधारायची वेळच येत नाही.

समजा, मुलाने लिहिलं, 'रेल्वे स्थानकावर खूप गर्दी असते. लोकांना खूप त्रास होतो.' लाल पेन उचलू नका. विचारा. कुठलं स्थानक? किती वाजता? तुझ्यासोबत कोण होतं? तुला काय दिसलं? मूल घरी जाईल, आठवेल, पुन्हा लिहील. 'संध्याकाळी सात वाजता घाटकोपरला मेट्रोतून उतरलं की जिन्यावर खूप गर्दी असते. बाबा माझं दप्तर स्वतःच्या पोटाशी धरतात आणि मला पुढे घालतात.' आता फक्त एवढंच विचारा, 'खूप गर्दी' काढून तिथे दिसलेलं काही लिहिता येईल का? तिसऱ्या खेपेला येतं, 'संध्याकाळी सात वाजता घाटकोपरला मेट्रोतून उतरलं की जिन्याची पायरी दिसत नाही, पुढच्या माणसाची पाठ दिसते. बाबा माझं दप्तर स्वतःच्या पोटाशी धरतात आणि मला पुढे घालतात.'

पाच प्रश्न. तीन खर्डे. कुठलाही सुविचार नाही. त्या मुलाला लिहिता आलं.

दुसरी गोष्ट, वाचक द्या. सगळ्या वह्या बाईंनीच वाचायला कशाला हव्यात? जोड्या लावा. याने त्याचं वाचायचं आणि दोनच गोष्टी सांगायच्या, काय आवडलं आणि कुठे कळलं नाही. बाईंनी आठवड्याला दहा वह्या नीट वाचाव्यात, पाच आठवड्यांत वर्ग पुरा. बाकीचं वाचन मुलं मुलांचं करतील. आणि मुलं परीक्षकापेक्षा कडक वाचक असतात. कंटाळा आला तर तोंडावर सांगतात.

तिसरी, छापा. भिंतीवर लावा, हस्तलिखित काढा, काय वाटेल ते करा, पण मुलाचं लिहिलेलं वर्गाबाहेर जाऊ द्या. यात नवं काही नाही. अमळनेरला प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहात साने गुरुजी मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढत होते. शंभर वर्षं होत आली. त्याच दशकात फ्रान्समधल्या एका खेड्यात सेलेस्तें फ्रेने नावाच्या मास्तरांनी वर्गात छोटा छापखाना आणला. मुलं स्वतःचे मजकूर जुळवायची, छापायची आणि दुसऱ्या गावच्या शाळेला पाठवायची. खिळे जुळवताना चूक स्वतःलाच दिसायची.

आज कित्येक शाळांत झेरॉक्स मशीन आहे. त्यावर काय निघतं? चाचणीचे पेपर आणि फीच्या सूचना.

इटलीतल्या बार्बियाना नावाच्या डोंगरी वस्तीतल्या शाळेचं उदाहरण तर आपल्याकडच्या शिक्षकांना माहीत आहे. 'प्रिय बाई' मराठीत अनेकांनी वाचलंय. परीक्षेत नापास ठरवलेल्या आठ मुलांनी शिक्षिकेला लिहिलेलं ते पत्र 1967 मध्ये पुस्तक म्हणून आलं. ते कसं लिहिलं? आधी प्रत्येकाने सुचेल ते सुट्या कागदांवर टिपलं. मग कागदांच्या थप्प्या लावल्या. एकसारखं ते एकत्र केलं. मग एकेक वाक्य सगळ्यांनी मिळून तपासलं, नको ते कापलं, बाहेरच्या माणसांना वाचून दाखवलं, कळलं नाही तिथे पुन्हा लिहिलं. शाळेने ज्यांना लिहिता येत नाही म्हणून बाहेर काढलं होतं, त्यांचं पत्र जगभर वाचलं गेलं.

मुलं तीच होती. पद्धत बदलली होती.

उपनगरातल्या मराठी शाळांचा पट घसरतोय, हे आपलं रोजचं दुःख. एके काळी साठ-साठच्या तुकड्या होत्या, आता कित्येक वर्गांत वीस-पंचवीस मुलं. दुःख खरंच आहे. पण वीस वह्या एका संध्याकाळी वाचून होतात. जे साठच्या वर्गात अशक्य होतं ते वीसच्या वर्गात शक्य आहे. 'आमच्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलाला नीट लिहिता येतं' एवढी एक पाटी मराठी शाळांना फाटकावर लावता आली, तर पालक शोधत येतील. डिजिटल वर्गाच्या फलकाने कुणी येत नाही, तो पलीकडच्या शाळेतही आहे.

इंग्रजी शाळावाल्यांनी हसायचं कारण नाही. तिथेही निबंधाचे विषय हिल स्टेशनची सहल आणि बेस्ट फ्रेंड हेच. मराठी 2020 च्या कायद्याने पहिली ते दहावी सर्व मंडळांच्या शाळांत सक्तीची झाली, मोडणाऱ्याला 1 लाख रुपयांपर्यंत दंड आहे. पण फळ्यावरून उतरवलेल्या दहा ओळींना मराठी शिकवणं म्हणायचं असेल, तर कायदा पाळूनही मुलाच्या हाती काही पडत नाही.

2025 मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा हवी की नको यावर महाराष्ट्र पेटला. एप्रिल आणि जूनचे शासन निर्णय 29 जूनला मागे घ्यावे लागले. तो विरोध योग्यच होता. त्याआधी 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आनंद झाला. 27 फेब्रुवारीला ग्रंथदिंडी निघते, लेझीम होतं. भाषा कोणती, यावर आपण रस्त्यावर उतरतो. त्या भाषेत मुलाला एक परिच्छेद धड लिहिता येतो का, हे कुठल्या मोर्चात विचारलं गेलं?

कुणी म्हणेल, आता यंत्रच निबंध लिहून देतं, मुलांनी कशाला शिकायचं? खरं आहे, देतं. 'मोबाइल शाप की वरदान' यावर यंत्र क्षणात 120 शब्द काढून देतं, वर सुविचारासकट. कारण आपण मागत होतो तो निबंध यंत्राचाच होता, त्यात माणूस नव्हताच. पण रात्रपाळी करून आलेली आई आणि जिन्यावर पोटाशी धरलेलं दप्तर यंत्राला ठाऊक नाही. ते त्या मुलालाच लिहावं लागेल.

आणि लिहिता येणं ही कवी-लेखकांची चैन नाही. महाराष्ट्रात माहिती अधिकाराचा अर्ज एका विषयावर आणि 150 शब्दांत बसवावा लागतो. जवळजवळ दहावीच्या निबंधाएवढाच मजकूर. नेमकं काय हवं ते 150 शब्दांत मांडता आलं नाही तर माहिती मिळत नाही. पोलीस चौकीतली तक्रार, बिल्डरला द्यायची हरकत, विमा कंपनीला पाठवायचं पत्र, सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त, सगळीकडे तेच. ज्याला लिहिता येत नाही त्याचं दुसरा कुणीतरी लिहितो. आणि दुसरा लिहितो तेव्हा तो स्वतःच्या सोयीचं लिहितो.

झोपडपट्टी पुनर्वसन योजनेच्या संमतीपत्रावर न वाचता सही करणाऱ्यांना विचारा.

म्हणून लेखन हा 24 गुणांचा प्रश्न नाही. स्वतःचं म्हणणं स्वतः मांडता येणं हा नागरिकाचा हक्क आहे. तो देण्याचं काम शाळेचं आहे. शाळा ते टाळत असेल तर विचारण्याचं काम आपलं आहे.

मंडळाकडे मागणं एवढंच. अंतर्गत 20 गुण ठेवायचेच असतील तर त्यातले काही गुण खर्ड्यांना द्या. मुलाने एकच मजकूर तीनदा कसा सुधारला, त्या तिन्ही प्रती जोडा आणि सुधारणेला गुण द्या. गाइडमधून पहिला खर्डा उतरवता येतो, सुधारणा उतरवता येत नाही.

शिक्षकांना विनंती. या महिन्यात एक विषय तुमच्या शाळेच्या फाटकापासून पाचशे पावलांच्या आतला द्या. आणि त्यावर तुम्हीही लिहा. मुलांना वाचून दाखवा.

पालकांना विनंती. आज मुलाची वही मागा. गुण बघू नका, वाचा. वाचून झाल्यावर खाली पेन्सिलीने एक खरा प्रश्न लिहा, मग पुढे काय झालं? आणि पुढच्या पालकसभेत टक्केवारी विचारायच्या आधी बाईंना नम्रपणे विचारा, "माझ्या मुलाने या सत्रात कुठला मजकूर पुन्हा लिहिला आणि तो कुणी वाचला?"

प्रत्येक वर्गातून पाच पालकांनी हा प्रश्न विचारायला सुरुवात केली, की वेळापत्रकात लेखनाचा तास येईल.